तेलविहिरीवर सोलर आणि खारघरचे काका

खारघरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या टिंगल चालली आहे: तेलविहिरीचा पंप सोलरवर चालवणं म्हणजे सिगारेटच्या कारखान्यात 'धूम्रपान निषिद्ध'ची पाटी. वर टाळीचा प्रश्न, "रात्री काय करणार?"

मी असतो तिथे, कॅलिफोर्नियातल्या केर्न काउंटीत, शेवरॉनने मिडवे-सनसेट या तेलक्षेत्रावर २००३ मध्येच ५०० किलोवॅट सोलर बसवलं, लॉस्ट हिल्सला २०२० मध्ये २९ मेगावॅट. इथेही रात्र होतेच, काका.

हिशेब करा. रोज २० घनमीटर द्रव १,००० मीटरवरून उचलायला निव्वळ ५५ युनिट लागतात. पंप खाली-वर करणाऱ्या लांब रॉडचं घर्षण, गिअरबॉक्स, बेल्ट, मोटर धरून एकूण कार्यक्षमता ४० टक्के समजा, म्हणजे १३५-१४० युनिट. किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरले तर ३५ किलोवॅटचे पॅनल. चोवीस तास चालवायचं तर ९० युनिटची बॅटरी हवी, आणि पैसा तिथेच जातो. पण थकलेली विहीर चोवीस तास चालवायचीच नसते. तळाशी द्रव जमायला वेळ लागतो. पंप अर्धा रिकामा असताना प्लंजर (पंपाचा दट्ट्या) द्रवावर आपटतो आणि रॉड तुटतात. पंप-ऑफ कंट्रोलर, म्हणजे द्रव कमी झाला की पंप बंद करणारं यंत्र, एरवीही पंप थांबवतंच. तो थांबा रात्री घ्यायचा, इतकंच.

सगळ्या विहिरींना हे चालत नाही. वाळू येत असेल तर थांबल्यावर ती प्लंजरवर बसते आणि सकाळी पंप जाम. मेणचट तेल ट्युबिंगमध्ये, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीत, थिजतं. व्हॉल्व्ह गळका असेल तर सकाळचा पहिला वेळ ट्युबिंग पुन्हा भरण्यातच जातो.

खरी डोकेदुखी डाउनस्ट्रोकची. रॉड खाली येताना मोटर जनरेटर बनते, व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आतल्या डीसी बसचा, म्हणजे वीजवाहिनीचा, व्होल्टेज चढतो आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये ती वीज जाळण्यापेक्षा बसवर कपॅसिटर बँक लावावी. पुढचा अपस्ट्रोक तीच वापरतो. त्याआधी काउंटरवेट (रॉडचा भार तोलणारं वजन) नीट बॅलन्स करून घ्यावं, नाहीतर कपॅसिटर कितीही लावा. ढगाळ दिवशी स्ट्रोक कमी करतानाही जपून: गिअरबॉक्सचं ऑइल दात्यांनीच उडवून बेअरिंगपर्यंत जातं. फार हळू फिरवलं तर बेअरिंग कोरडं पडतं.

पावसाळ्याचं कारण सांगणाऱ्यांनी इथला टूली फॉग, म्हणजे हिवाळ्यातलं दाट धुकं, बघावा. तो बसला की पॅनल शोभेचे. तेव्हा ग्रिड, दुसरं काय!

आता ढोंगाचा मुद्दा. त्या २० घनमीटरमध्ये ८० टक्के पाणी असेल तर तेल निघतं सुमारे २५ बॅरल, म्हणजे बॅरलमागे साडेपाच युनिट. भारतातल्या ग्रिडवर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो चारेक किलो. तेच बॅरल जाळलं की सुमारे ४३० किलो. शंभरात एक! जिथे लाइन पोचत नाही आणि जनरेटरला डिझेल टँकरने न्यावं लागतं, तिथे सोलर फायद्याचं आहे, यात वाद नाही. पृथ्वी वाचवण्याच्या गोष्टी मात्र आमच्या कंपन्यांनी जरा कमी कराव्यात.

'आमच्या' म्हणालो खरा. पगार या विहिरींचा, मेंटेनन्स खारघरचा. ग्रुपवर मी अमेरिकेचा वकील, आणि इथे लंच टेबलवर कुणी भारताच्या कोळशावर बोललं की भारताचा. दोन्हीकडे आवाज चढतो तो माझाच. बॅरलचा हा हिशेब ग्रुपवर टाकला, तर काका म्हणतील, "बघ, मी काय सांगत होतो!" म्हणून अजून टाकलेला नाही.