पंखा बंद का? ‘एक जुना बेळगावकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही दोन ओळींत उरकत नाही. ‘घरात कॉमिक्स काढणारा जोडीदार असेल तर’ या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पंखा बंद ठेवा, दुपारी बेल वाजवू नका, टेबल हलवू नका, ही सगळी कलावंतांची नाटकं. हल्ली सगळं टॅबवर होतं, मग भाड्याच्या दोन खोल्यांत कागदांचा पसारा कशाला? भाजीला म्हणून जायचं आणि दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढत उभं राहायचं, हा निव्वळ वेळकाढूपणा. आणि एवढं करून हातात काय पडतं, ते लेखात कुठेच नाही.

शेवटचा मुद्दा रास्त आहे, त्याच्याकडे येतोच. पण ‘नाटकं’ हा शब्द काही पटला नाही. हे नियम माणसाच्या मूडवर ठरत नाहीत, पान कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतात. पेन्सिलचं काम चालू असेल, चौकटी आखणं किंवा संवादांच्या फुग्यांच्या जागा धरणं चालू असेल, तेव्हा खुशाल बोला, बेल वाजवा, गॅसवरचं दूध बघायला सांगा. खोडरबर हाताशी असतं, काही बिघडत नाही. शाईचं काम सुरू झालं की गोष्ट वेगळी. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळी माणूस टेबलावर वाकलेलाच दिसतो, म्हणून घरच्यांना फरक कळत नाही. साधी खूण म्हणजे दौतीचं झाकण. ते उघडं असेल तर आत जाऊ नये.

आता पंखा. टाकाच्या निबला मधोमध फट असते, शाई त्या फटीतून उतरते. छताच्या पंख्याचा झोत लागला की टोकावरची शाई कागदावर उतरायच्या आधीच सुकते, रेघ मध्येच तुटते. मग हात नकळत जोर देतो, फट फाकते आणि बदकन थेंब पडतो. बरं, पंखा पार बंद केला तर एप्रिल-मेमध्ये मनगटाचा घाम कागदाला लागतो. घामाचा तेलकट डाग शाई धरत नाही. तिथे काळा भराव सलग बसतच नाही, मध्ये पांढरे ठिपके राहतात. म्हणून लेखात सुचवलेली तडजोड : छताचा पंखा बंद, टेबलफॅन जमिनीवर पायांच्या दिशेने, आणि मनगटाखाली कोऱ्या कागदाचा तुकडा. निब दर चार-पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसायची. नवी निब असेल तर तिच्यावरचा तेलाचा थर आधी स्पिरिटने काढायचा. आणि घरातल्या कुणीही मदत म्हणून वॉटरप्रूफ शाई साध्या फाउंटन पेनमध्ये भरू नये. आत वाळली की पाण्याने सुटत नाही, पेन गेलंच समजा.

टेबलाचं म्हणाल तर वडगाव, खासबाग, शहापूर भागात राहणाऱ्यांनी हसू नये. शेजारच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असेल तर त्या भिंतीला टेकलेल्या टेबलाला बारीक कंप येतो. वाचताना तो जाणवत नाही. दहा-बारा सेंटिमीटरची एक सलग रेघ ओढताना मात्र दिसतो. टेबल सामायिक भिंतीपासून वीतभर लांब घ्यायचं, पायांखाली जाड रबराचे तुकडे द्यायचे. वर्कशॉपच्या सामानाच्या दुकानात मिळतात.

खरी परीक्षा पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर बेळगावात हवा ओली, खानापूरकडे तर विचारूच नका. कागद ओल शोषतो आणि पापडासारखा वर-खाली होतो. पट्टीने आखलेली चौकट दुसऱ्या दिवशी वाकडी दिसते. स्वस्त कागदावर शाई धाग्याधाग्याने पसरते, रेघेला केस फुटतात. उपाय खर्चिक नाहीत. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद घ्यावा. तो गुंडाळून उभा न ठेवता आडवा, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा आणि लागेल तेवढेच ताव बाहेर काढावेत. कपाट पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला नको. नैर्ऋत्येचा पाऊस तीच भिंत झोडपतो आणि ओल आतपर्यंत येते. निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा वापरता येतात, पण पोळीच्या तव्यावर नाही. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. कागदाला कसर लागते ती वेगळीच, तेव्हा महिन्यातून एकदा गठ्ठे उलटेपालटे करावेत.

याच दिवसांत वाळण्याचा वेळही वाढतो. बारीक रेघ लवकर सुकते, पण केस, रात्रीचं आकाश, काळी छत्री असे मोठे भराव जुलैमध्ये रात्रभर ठेवलेले बरे. वरून कोरडं वाटतं, खोडरबर फिरवलं की काळं पसरतं. टीपकागदाचा कोपरा भरावावर हलकेच टेकवून बघायचा. डाग आला तर पान तसंच राहू द्यायचं. पाहुणे आले म्हणून ते उचलून पलंगाखाली सरकवायचं नाही. तुम्हाला जो पसारा दिसतो, त्यात बरीचशी वाळत घातलेली पानं असतात.

टॅबवर काम होतं, हे खरंच. रंग तर आता बहुतेक तिथेच होतात. पण पसारा संपत नाही, त्याचं रूप बदलतं. संगणकाला जोडायच्या स्क्रीन-टॅबलेटला स्वतःची बॅटरी नसते. वीज गेली की काम गेलं. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर वीज पलटताना जो क्षण जातो, तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू होतो. अनेक इन्व्हर्टरांना त्यासाठी वेगळा यूपीएस मोड असतो, तो लावावा. कागदावरचं पान स्कॅन करायचं तर ए-थ्री कागद ए-फोर स्कॅनरवर दोन तुकड्यांत घ्यावा लागतो. झाकण काढून ठेवायचं, दोन्ही तुकड्यांत तीन-चार सेंटिमीटर भाग सामायिक ठेवायचा आणि कागद काचेवर नीट दाबायचा. कड उचलली गेली की सांध्यावर धुरकट पट्टा येतो. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) करड्या छटांत स्कॅन केलेलं एक ए-थ्री पान सुमारे ७० एमबी होतं, रंगाचे थर चढले की कितीतरी पट. हार्ड डिस्क ही चैन नाही.

शिवाय मूळ ए-थ्री पान छापताना ए-फाइव्ह होतं, म्हणजे लांबी-रुंदीला निम्मं. ०.१ मिलिमीटरची रेघ ०.०५ होते आणि छपाईत तुटते. स्क्रीनवर पान मोठं करून काढणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. कागदावर डोळ्यालाच अंदाज असतो.

देवनागरी अक्षरांचं दुखणं आणखी निराळं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठीचं ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हे सेटिंग निवडलं नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसते, जोडाक्षरं सुटी पडतात. वर मात्रा आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर द्यावं लागतं. आपल्याकडे तीच गोष्ट कन्नडमध्येही काढायची असेल तर कन्नडची जोडाक्षरं खाली उतरतात, अक्षरंही रुंद. फुगा सुरुवातीलाच चौथाईभर मोठा धरलेला बरा, नाहीतर कन्नड मजकूर पात्राच्या कपाळावर जातो. ही दगदग नको असेल तर बिनशब्दांचं चित्र काढावं. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी त्यावरच नाव कमावलं, आणि त्यांचा जन्म १९२५ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या भोज गावचा. पण ते येरागबाळ्याचं काम नोहे.

पाट्यांचे फोटो वेळकाढू वाटतात ते शेजारी पिशवी धरून उभं राहणाऱ्याला. गोष्ट कुठल्या सालची, हे गल्लीच्या चित्रात सगळ्यात आधी पाट्या सांगतात. शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला, आणि पाटीवर ६० टक्के कन्नड ही कर्नाटकाच्या कायद्यातली दुरुस्ती २०२४ ची. २००५ साली घडणाऱ्या गोष्टीत खडेबाजारातली आजची पाटी जशीच्या तशी उतरवली तर बेळगावचा वाचक लगेच पकडतो. पाट्यांबरोबर विजेचे खांब, गटारावरच्या फरशा, दुकानाच्या पायऱ्या हेही टिपायचं, कारण नेमकं हेच आठवणीतून काढता येत नाही. सकाळी दुकानं उघडायच्या आधी गणपत गल्ली रिकामी असते, तेव्हा जावं. भाजीच्या वेळी नको, एवढं तुमचं म्हणणं मान्य. कॅम्पात मात्र कॅमेरा खिशातच ठेवावा. लष्करी भाग आहे, चित्रासाठी म्हणून सांगितलेलं कुणी ऐकून घेत नाही.

राहिले पैसे. ठरावीक आकडा देण्यात अर्थ नाही, कारण पानामागचा दर प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि मानधन बहुधा अंक निघाल्यावर येतं. म्हणून घरभाडं कॉमिक्सच्या भरवशावर ठेवू नये. ते दुसऱ्याच्या पगारातून किंवा शिकवण्या, जाहिरातींची कामं यांतून निघावं. जोडीदाराने हातात घ्यावं असं एक काम आहे, ते म्हणजे कागदपत्रं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी दिले तरच दिले जातात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क, कायमचे’ असं छापील वाक्य दिसलं की सही करण्याआधी विचारावं. चित्र काढणारा माणूस पान संपवण्याच्या घाईत तेवढं वाचत नाही.

आणि दुपारच्या बेलवरून तुम्ही जे सुनावलंत, ते बहुधा ऑगस्ट-सप्टेंबर डोळ्यांसमोर ठेवून. दिवाळी अंकांची चित्रं तेव्हाच द्यायची असतात. म्हणजे कागद सगळ्यात ओला तेव्हा, गणपतीची वर्गणी मागायला मंडळं येतात ती तेव्हाच, आणि मिरवणुकीच्या आवाजाने खिडकीची तावदानं थरथरतात तीही तेव्हाच. यावर आमचा तोडगा असा : शाईची पानं जमेल तेवढी चतुर्थीच्या आधी संपवायची, उत्सवाच्या दिवसांत स्कॅन आणि रंग ठेवायचे. वर्गणीचं पाकीट दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवायचं आणि दार उघडायला दौतीपासून लांब असलेल्या माणसाने जायचं.