‘हे सगळं श्रीमंतांच्या पोरांसाठी’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

जर्मनीत काम करून शिकण्याविषयीच्या लेखात ‘तिथल्या नोकरीची कमाई कर्जाच्या हिशेबात धरू नका’ असं लिहून मी मध्यमवर्गीय मुलांना उगाच घाबरवलं, असला सल्ला श्रीमंतांच्या पोरांसाठीच, असं तुमचं म्हणणं. तुमचा पुतण्या श्टुटगार्टला नोकरी करून ‘सगळं’ भागवतो आणि ‘विद्यार्थ्याने आठवड्याला वीसच तास काम करायचे नियम तिथे कोण मोजत बसतंय?’ असंही तुम्ही विचारलंय.

पुतण्याचं कौतुकच आहे. पण ‘सगळं’ म्हणजे किती, ते मांडून बघू. जानेवारी 2026 पासून तिथे किमान वेतन ताशी 13.90 युरो. आठवड्याला वीस तास केले तर महिन्याला साधारण 1200, पेन्शनचे कापून हातात 1090 च्या आसपास. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दरमहा 992 युरोंची सोय दाखवावी लागते, ती काही चैनीसाठी नसते. म्हणजे खोलीभाडं, जेवण, विमा निघतो. शिवाय श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे आपल्या मुलांना सेमिस्टरला 1500 युरो फी आहे. आणि इथलं शैक्षणिक कर्ज? हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. ते कोण भरतंय, हे भावाला एकदा विचारून बघा.

बरं, वीस तासांची नोकरी उतरल्या उतरल्या मिळते कुठे? पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनची ए-वन ही पहिली पातळी करून गेलेल्या पोराला आधी गोदाम नाहीतर हॉटेलचं किचन. त्यात कमीपणा काहीच नाही. पण रात्रपाळी करून सकाळच्या लेक्चरला डोळे उघडे राहत नाहीत, आणि बऱ्याच विद्यापीठांत एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेला की नाव कमी.

नियम मोजणारे आहेत, काका. पगार कागदावर असतो. सेमिस्टर चालू असताना सर्रास वीस तासांच्या वर गेलात तर विम्याच्या हिशेबात तुम्ही विद्यार्थी उरत नाही, विद्यार्थ्यांचा स्वस्त विमाही जातो. आपल्या मुलांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवसच काम करता येतं, ही मर्यादा वेगळी. मार्च 2024 पूर्वी ती 120 आणि 240 होती. विद्यापीठातली हिवीची, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालच्या विद्यार्थी-सहाय्यकाची कामं त्यात धरत नाहीत, म्हणून मी आधी प्राध्यापकांना मेल टाका म्हणतो. दुसऱ्याच्या अकाउंटवर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांची मात्र मला खरंच भीती वाटते. रस्त्यात अपघात झाला तर काम करत होतो हे सांगायचीही सोय नाही.

नोकरी करू नका, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. कर्जाचा अर्ज भरताना तिची कमाई जमेत धरू नका, एवढंच लिहिलंय. पहिल्या वर्षाचे पैसे पूर्ण हाताशी असावेत, निदान पहिलं सेमिस्टर अभ्यास आणि भाषेला द्यावं. ते जमत नसेल तर एक वर्ष इथे नोकरी करून मग जावं. हा सल्ला श्रीमंतांना लागतच नाही.

पुतण्याचे आतापर्यंत किती क्रेडिट झाले, तेवढं मात्र कळवा.