डिस्कसची अंडी आणि पीएच ५.५चा हट्ट

टँकमध्ये पाळलेल्या डिस्कस माशांची अंडी पांढरी पडून वाया जायला लागली की कुणीतरी हमखास हा सल्ला फॉरवर्ड करतं: पीएच ५.५वर आणा, त्यासाठी पीएच डाउन (पीएच उतरवणारं तयार आम्ल) टाका, बदामाची पानं सोडा, नाहीतर सरळ निव्वळ आरओ भरा, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तेच पाणी राखा. सल्ला आला कुठून ते कळतं. ॲमेझॉन खोऱ्यातल्या रिओ नेग्रोचं काळं पाणी आम्लधर्मी आहेच. पण त्यात क्षारही जवळजवळ नसतात, आणि फॉरवर्ड होता होता नेमकं तेच गळलंय.

आधी पीएच डाउन. साबणाला फेस न येणाऱ्या, म्हणजे जड, बोअरच्या पाण्यात ते टाकून बघा. संध्याकाळी मीटर ६ दाखवतो, रात्रभर एअर पंप चालला की सकाळी पीएच पुन्हा वर. पाण्यातली बायकार्बोनेटं आम्ल गिळतात, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कॅल्शियम मात्र होतं तिथेच. अंड्यांना नडतं ते हे कॅल्शियम: पाण्यात येताच अंड्याचं कवच घट्ट व्हायला लागतं, कॅल्शियम त्याला हातभार लावतं आणि फलन हुकतं, असं जुने पैदासवाले सांगतात. वर पीएचचं माप दहापटीचं. ७.५वरून ५.५ म्हणजे आम्लता शंभरपट. रोज असे हेलकावे खाणारी जोडी अंडी कसली घालतेय!

बदामाची पानं चांगली, पण ती कॅल्शियम काढत नाहीत. जड पाण्यात फक्त रंग येतो, चहासारखा.

निव्वळ आरओ ही दुसरी टोकाची गोष्ट. त्यात पीएच सावरून धरायला काहीच नसतं, तो एकाएकी कोसळू शकतो. ६च्या खाली गेला की स्पंज फिल्टरमधले जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठत जातो. आम्ल पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असतो, फारसा बाधत नाही. मग तुम्ही पाणी बदलताना ८ पीएचचं बोअरचं पाणी ओतता आणि त्याच अमोनियमचं विष होतं. त्यापेक्षा मिसळा. बोअरचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ६०० आणि आरओचा २० असेल, तर १४ लिटर बोअर आणि ८६ लिटर आरओ मिळून साधारण १०० होतं. पाळीव जातींच्या अंड्यांना एवढं पुरतं. स्वयंपाकघरातल्या आरओत मिनरल कार्ट्रिज असेल तर त्याचं पाणी घेऊ नका, काढलेलं कॅल्शियम ते परत घालतं. आणि नळाला धरणाचं मृदू पाणी येत असेल, तर कदाचित क्लोरीन घालवण्यापलीकडे काहीच करावं लागणार नाही.

पिल्लांसाठी तेच पाणी राखायचं? कशाला? मृदू पाणी लागतं ते अंड्यांपुरतं. पिल्लं पोहून आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खायला लागली की त्यांना हवं असतं स्वच्छ, वरचेवर बदललेलं पाणी. हळूहळू नेहमीच्या पाण्यावर आणलं तरी चालतं.

आणि एवढं करूनही सगळी अंडी पांढरी पडली तर पाण्याला दोष देण्याआधी जोडी तपासा. दोन माद्याही जोडी जमवतात, अंडी चिकटवायचा शंकू (कोन) साफ करतात, अंडी घालतात, राखणही करतात. अंडी घालताना पोटाखालची प्रजननाची नळी दिसते तेव्हा नीट बघा: नराची बारीक, टोकदार; मादीची रुंद, बोथट.