तिसऱ्या रांगेतली मोठी माय

कापसाचा चुकारा हाती आला आणि घरात एखादं लग्न निघालं की आमच्याकडे विदर्भात 'मोठी गाडी'चा, म्हणजे सात माणसांच्या गाडीचा विषय निघतो. नवीला दहा-बारा लाख लागतात, खिशात चार असतात. म्हणजे जुनी. आणि जुनी म्हटली की जांगडगुत्ता आलाच.

जुनी गाडी बघायला आमच्याकडे एकटा माणूस जात नाही, वरात जाते. ज्याचे पैसे तो सगळ्यात मागं. पुढं मामाजी, ज्यांचा गाड्यांचा अनुभव एका फटफटीवर सुरू होऊन तिथंच संपलेला असतो. सोबत एक मिस्त्री, जो ट्रॅक्टरचा आहे. शिवाय पुण्याचा पुतण्या व्हिडिओ कॉलवर. ही वरात गाडीच्या नाकापासून सुरुवात करते. एक जण टायरला लाथ मारतो, दुसरा बोनेटवर थाप देतो, तिसरा हॉर्न वाजवून मान डोलावतो. पुतण्या विचारतो, "टचस्क्रीन आहे का?" पंधरा मिनिटांत सगळ्यांचं एकमत होतं की गाडी टकाटक आहे. तोवर मागच्या दारापर्यंत कोणी पोचलेलंच नसतं.

माझं म्हणणं असं की सात माणसांची गाडी मागून पुढं बघत यावी. पुढच्या दोन सीट मारुती आठशेतही होत्या. आपण जे लाखभर जादा मोजतो ते तिसऱ्या रांगेचे, आणि त्या रांगेची परीक्षा घ्यायला एकच यंत्र खात्रीचं आहे: मोठी माय. वय पासष्टच्या पुढं, गुडघे दुखरे, अंगावर नऊवारी, हातात पिशवी. तिला सोबत न्या आणि म्हणा, "माय, मागं बसून दाखव."

आता बघा काय होतं. मधल्या सीटचा खटका ओढायचा, पाठ पुढं वाकली पाहिजे आणि सीट रुळावर सरकली पाहिजे. जुन्या गाडीत पहिली गंमत इथंच होते. खटक्याची केबल तुटलेली असते, नाहीतर रुळात पाच वर्षांची शेंगदाण्याची टरफलं आणि काळी माती बसून सीमेंट झालेलं असतं. सीट सरकलीच तर उघडणाऱ्या फटीतून माय तिरपी आत जाते, एक पाय आत, एक बाहेर, हात धरायला काही नाही. आत बसली की गुडघे छातीशी. मागच्या चाकांच्या वरती जमीन उंच येते आणि छत वाढवता येत नाही, म्हणून कंपन्या सीटच खाली बसवतात. तिला दहा मिनिटं तिथं बसू द्या, काचा लावून. "बरं हाये" म्हणाली तर पुढं सरका. "मले उतरवा" म्हणाली तर पुढचं काही तपासायची गरज नाही, चहा घ्या आणि निघा.

माय बसलेली असतानाच डिक्की उघडा. कारण तिसरी रांग उभी असली की सामानाची जागा ही अफवा असते. मारुतीच्या पहिल्या पिढीच्या अर्टिगात (२०१२ पासूनची) ती १३५ लिटर, २०१८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीत २०९, आणि रेनोच्या ट्रायबरमध्ये ८४. चौऱ्याऐंशी लिटरात रोडग्यांची एक टोपली बसते. वांग्याच्या भाजीचा गंज मांडीवर, गोवऱ्या वरच्या कॅरियरवर. आणखी एक: आरसी बुकात सीट ७ लिहिलंय म्हणजे ड्रायव्हर धरून सात. आमच्याकडे मोजणी वेगळी आहे, कडेवरची पोट्टी मोजत नाहीत आणि बारकी माणसं अर्धी धरतात. विमा कंपनी मात्र आरसी वाचते.

चार लाखांच्या घरात डोळ्यासमोर येणाऱ्या गाड्या सगळ्यांना पाठ आहेत. इनोव्हाचं नाव निघालं की घर गप्प होतं, देवाचं नाव निघाल्यासारखं. पण या पैशात जी इनोव्हा येते तिनं बहुधा दोन-तीन लाख किलोमीटर पाहिलेले असतात. जुन्या २.५ लिटरच्या डिझेल इंजिनात टायमिंगचा पट्टा असतो, साखळी नाही. तो बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून किमतीतून तेवढे कापा, कारण तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिन उघडावं लागतं. बोलेरो पांदणीतून बैलासारखी जाते आणि तिचा मिस्त्री प्रत्येक फाट्यावर सापडतो. पण मागची दोन बाकडी समोरासमोर असतात, तिथं बसलेला माणूस शेगावला पोचेस्तोवर आडवा हलून दर्शनाआधीच गजानन महाराजांचा धावा करतो. झायलो ऐसपैस, दिसायला कशीही असो. २०१९ ला बंद झाली म्हणून स्वस्तही मिळते. टवेरा मजबूत, पण कंपनीनं २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, तेव्हा सुट्या भागांसाठी नागपूरच्या खेपा धरून चाला. इकोत जागा आहे, सरकतं दार आहे, आणि इंजिन पुढच्या सीटखाली आहे. मेमध्ये ड्रायव्हर खालून शेकतो आणि मागचे वरून, कारण सात सीटच्या जुन्या इकोत सहसा एसी नसतो. उरली अर्टिगा. फार काही आवडावं असं नाही, फार काही खटकावं असंही नाही. स्थळ म्हणून उत्तम.

पेट्रोल की डिझेल यावर पारावर मारामाऱ्या होतात, हिशोब कोणी करत नाही. वर्षाला सात हजार किलोमीटर धरा. पेट्रोल गाडी लिटरला १४ देत असेल तर ५०० लिटर लागतं, डिझेल १८ देत असेल तर ३९० च्या आसपास. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ रुपये धरलं तर वर्षाला सतरा हजार वाचतात. डिझेल गाडीला लाखभर जादा मोजले असतील तर वसुलीला सहा वर्षं. त्यात एखाद्यानं डबकीतलं भेसळीचं डिझेल टाकून चालवलेली गाडी पदरी पडली आणि इंजेक्टर गेले, तर वाचलेलं सगळं तिथंच जातं.

आता दलाल. आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या गाडीचा पहिला मालक मास्तर असतो. "मास्तरची गाडी हाये भाऊ, शायेत न्यायची अन् आणायची. डोये झाकून घ्या." जिल्हा परिषदेच्या शाळा मोजल्या आणि विकायला आलेल्या मास्तरांच्या गाड्या मोजल्या तर गाड्या जास्त भरतील. मीटरवर अठ्ठावीस हजार दिसत असतात. मीटर मागं करता येतं, रबर मागं करता येत नाही. क्लचच्या पायट्याचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंग हात धरायच्या जागी, घड्याळातल्या दहा वाजून दहाच्या काट्यांसारखं, चकाकतंय का, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बसलीय का आणि त्याचं दार उघडल्यावर किंचित खाली लोंबतंय का, ते बघा.

मग टायर. बैल घेताना आपण दात बघतो, दोन दाती, चार दाती, जुळलेला. टायरलाही दात असतात. बाजूला शेवटी चार आकडे कोरलेले असतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१४ ची, धाव अठ्ठावीस हजार, आणि चारही टायर २०१९ चे. मग इतक्या कमी धावेत पहिले चार टायर गेले कुठं? हा प्रश्न दलालाला शांतपणे विचारा. तो लगेच चहा सांगतो.

गाडी बघायला सकाळी जा आणि आदल्या रात्री सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागला तर समजा की बाईसाहेबांना आधीच उठवून, तोंड धुऊन बसवलंय. थंड इंजिन खोटं बोलत नाही. चालू करताना एक माणूस सायलेन्सरमागं उभा पाहिजे, शक्यतो धुराचे रंग ओळखणारा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, फिल्टरपासून इंजेक्टरपर्यंत काहीही असू शकतं. पौषातल्या सकाळी पांढरी वाफ दोन मिनिटं निघून थांबली तर ती वाफच आहे, थांबलीच नाही तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जळत असेल आणि हेड गॅस्केटपर्यंत काम जाईल. ऑइल भरायचं झाकण उघडा. आतून ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट लगदा असेल तर पाणी ऑइलमध्ये जात असण्याची शंका घ्या आणि मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. इंजिन चालू असताना झाकण नुसतं तोंडावर ठेवा. तिथून धापा टाकल्यासारखा धूर निघाला आणि झाकण नाचायला लागलं, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. दलाल म्हणेल, "डिझेलचं असंच असते." थोडं असतं. नाचत नसतं.

क्लचसाठी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन तिथंच गपकन बंद पडलं पाहिजे. घरघरत राहिलं तर प्लेट घासलीय, आणि चिखलदऱ्याच्या घाटात सात माणसं भरून गेल्यावर कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं. हा प्रयोग एकदाच करायचा. वरातीतल्या प्रत्येकानं करून बघितला तर चांगली प्लेटही जाते.

एसी दुपारी तपासा, गाडी उन्हात उभी करून. विदर्भात हा चोचल्यांचा प्रश्न नाही, एप्रिलपासून पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की तिसऱ्या रांगेत माणूस वाळवणासारखा होतो. मागं उघडणाऱ्या काचाही नसतात. पंधरा मिनिटं गाडी जाग्यावर चालू ठेवून हात मागच्या रांगेत धरा आणि डोळे तापमानाच्या काट्यावर. "गॅस भरला की होऊन जाईन" हे वाक्य ऐकू आलं की थांबा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, गळतो. कुठून गळतो ते सापडेपर्यंत दर मेमध्ये भरत बसावं लागतं.

बाहेरच्या गाडीचा मोह आवरा, किमान तपासून आवरा. किनाऱ्याकडची गाडी खालून गंजलेली असू शकते, तेव्हा पिटावर चढवून बघा. पुरातली गाडी अत्तर मारून येते. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीकडं किती गाड्या पाण्यात होत्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असते, कारण तिथवर धुवायला कोणी जात नाही. मग स्टेपनीचा खड्डा आणि सीटखालचे बोल्ट बघा. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त पडू लागली ती दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथं घातलेल्या बंदीमुळं. इथं आणली की तिथली एनओसी (ना हरकत दाखला), महाराष्ट्राचा कर, नवा नंबर, आणि स्वस्ताई तिथंच आटते.

आता कागद. एकरभर वावर घ्यायचं असेल तर आपण सातबारा, फेरफार, आठ-अ काढतो, तलाठ्याला दोनदा भेटतो. चार लाखांची गाडी मात्र "पेपर क्लिअर हाये" एवढ्या शब्दावर घेतो. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. फायनान्सचा बोजा असेल तर कंपनीची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. ई-चलान ऑनलाइन बघा, मास्तर समृद्धी महामार्गावर काय वेगानं शाळेत जात होते तेही कळतं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते कपाटात ठेवायचे नसतात, आरटीओत द्यायचे असतात. विक्रेत्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सूट, त्याच्यासोबत जातो, तो गाडीसोबत येत नाही, म्हणून फरक भरावा लागतो. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर फेरनोंदणीचा खर्च आधीच धरा.

आणि चार लाख आहेत म्हणून चार लाखांची गाडी बघू नका, सव्वातीनची बघा. चार टायर वीस हजारांच्या घरात, बॅटरी पाच-सहा, सगळी ऑइलं आणि फिल्टर सात-आठ, खालचे बुश आणि लिंक रॉड निघाले तर आणखी दहा, वर विमा आणि ट्रान्सफर. हे सगळं पहिल्या तीन महिन्यांत निघतं. उरले तर सीट कव्हर. बहुतेक लोक सीट कव्हरपासून सुरुवात करतात.

मग गाडी घरी येते. चाकाखाली लिंबू, बोनेटवर कुंकवाचा स्वस्तिक, आणि पहिली खेप शेगावची. पहाटे पाचला सगळे अंगणात उभे. ज्या तिसऱ्या रांगेसाठी एवढी मोजमापं झाली ती रिकामी आणि मोठी माय पुढचं दार धरून उभी. "मागं बसलं की मले मयमयते," ती सांगते आणि ड्रायव्हरशेजारी बसून पिशवी पायाशी ठेवते. मधल्या रांगेत जावई, लेक आणि कडेवरची दोन. मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत त्या माणसावर येतात ज्याला म्हणे गाडीतलं कळतं. मी खटका ओढतो. सीट सरकते. निदान रूळ तरी मी स्वतः साफ केलेले असतात.