पुढे बैल, मागे बोट

मिशिगनमध्ये ११,००० च्या वर तळी आहेत आणि डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी माणसाच्या दारात बहुधा एक मिनीव्हॅन असते. या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब आहेत तोवर सगळं ठीक. व्हॅन घेतलेली असते पोरांसाठी, सहा महिने राहायला येणाऱ्या आईबाबांसाठी आणि तांदळाच्या पोत्यांसाठी. पण एखाद्या निवांत रविवारी घरातला कर्ता पुरुष गाडीचं माहितीपुस्तक उघडतो आणि त्याला दिसतं: ओढण्याची क्षमता ३,५०० पौंड. म्हणजे जवळपास १,६०० किलो. सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट, इंजिन, भरलेली टाकी आणि ट्रेलर धरून होतात हजारेक किलो. बसतंय की!

बसतं. हायवेवर काही बिघडतही नाही. मात्र पुस्तकात पुढे बारीक टाइपात असतं की गाडीत माणसं वाढली तर ओढायचं वजन कमी करा. आता सात माणसं, दोन कूलर आणि इडलीचं भांडं यांतलं काय कमी करायचं ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठरवावं. मी त्यात पडत नाही.

खरा तमाशा शेवटच्या दहा मीटरांत, तळ्याकाठच्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर; इथूनच ट्रेलर उलटा नेऊन बोट पाण्यात सोडायची आणि परत वर ओढायची. बैलगाडी हाकलेल्या आजोबांना तो क्षणात कळेल. ओझं मागे गेलं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैल नुसतेच पाय घासतात. मिनीव्हॅनची पुढची दोन चाकं म्हणजे हे बैल. मागची दोन फक्त वरातीला आलेली.

हिशेबच मांडू. व्हॅन २,००० किलोची, त्यातले साधारण १,१४० पुढच्या चाकांवर. ट्रेलरची दांडी हिचच्या, म्हणजे व्हॅनमागच्या जोडणीच्या, गोळ्यावर १०० किलोनं टेकलेली. गोळा मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे, दोन आसांत अंतर ३ मीटर; सी-सॉच्या न्यायानं पुढचे ४० किलो गेले. रॅम्पचा उतार १५ टक्के धरा, तर नाक वर करून उभं राहिल्याचे आणखी ६५ गेले, आणि बोट मागे खेचते त्याचे वीसेक. उरले १,०१५. व्हॅन आणि बोट मिळून ३,००० किलो वर चढवायला जोर हवा ४५०. म्हणजे टायर आणि काँक्रीट यांच्यातला घर्षणगुणांक, म्हणजे पकडीचं माप, किमान ०.४५ पाहिजे. कोरड्या काँक्रीटवर ०.७ सहज मिळतो. ओल्यावर जेमतेम निभावतं. शेवाळावर मात्र चाकं फुगडी घालतात.

पण एक गोष्ट पिकअपवाले कधी कबूल करत नाहीत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपचे बैल नेमके पाण्याच्या कडेला, शेवाळात उभे असतात. आपले तीन मीटर वर, कोरड्यात. शिवाय आपण गिअर ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर, टाकला की पुढची चाकं अडतात आणि हँडब्रेक मागची धरतो; चारही जागच्या जागी. त्यांचे दोन्ही उपाय मागच्याच दोन चाकांवर. तरी चाकांमागे लाकडी ठोकळे लावावेतच. ठोकळ्यांना दोरी बांधावी, नाहीतर निघताना ते तिथेच राहतात.

रॅम्पवर यायच्या आधीची कामं वरच्या सपाट जागेवर उरकायची. मागचे पट्टे सोडा, पण नाकाचा विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या चरखीचा) पट्टा बोट पाण्यात जाईपर्यंत राहू द्या; नाहीतर बोट काँक्रीटवर उतरते. दिव्यांची वायर काढा, कारण तापलेला बल्ब गार पाण्यात तडकतो. ट्रेलरच्या चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, गार होऊ द्या. गरम हब पाण्यात बुडला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी आत घेते आणि ग्रीसचं ताक होतं. आणि बोटीच्या बुडातलं बूच लावा. हे वाक्य दोनदा वाचा.

उलटं जाताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात. एवढं लक्षात ठेवलं तरी घरातून येणाऱ्या निम्म्या सूचना वाचतात.

आता बोट परत वर काढताना चाकं फिरली, तर आधी पाय उचला. जोर वाढवून फक्त रबर जळतं. स्टिअरिंग सरळ ठेवा. तिसऱ्या रांगेतली मंडळी मागच्या आसाजवळ बसलेली असतात, त्यांचा उपयोग शून्य. त्यांना उतरवून वर उभं करा. वजनदार काकांना पुढे बसवायची सूचना येतेच. पण ८५ किलोच्या काकांपैकी पुढच्या चाकांवर पोचतात अर्धेच, आणि अख्खे काका ओढायला तेरा किलोंचा जोर जास्त लागतो. फायदा आहे, पण काकांना वाटतो तितका नाही. जुन्या गालिच्याचे तुकडे पुढच्या टायरांपुढे घाला आणि मागे कोणी उभं राहू नका. तुकडे चाकाखालून भिरकावले जातात.

दांडीवरचं वजन हलकं करायला कूलर बोटीच्या शेपटीला सरकवावा, असा एक हुशार सल्लाही मिळतो. रॅम्पपुरता तो चालेल, पण नंतर कूलर आठवणीनं पुढे आणा. गोळ्यावरचं वजन एकूण ओझ्याच्या दहा टक्क्यांखाली गेलं की ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो आणि मग तोच व्हॅनला नाचवतो.

एवढ्यानंही नाही जमलं, तर वर उभ्या पिकअपवाल्याला हाक मारायची. बऱ्याच गाड्यांच्या हत्यारांच्या डब्यात बंपरला पिळून बसवायची ओढकडी असते; ती बसवून पट्टा लावायचा आणि त्यानं सावकाश ओढायचं. घर्षणगुणांकाची चर्चा त्या वेळी करू नये.

वर आलात की बूच काढा. मिशिगनमध्ये मार्च २०१९ पासून तो कायदाच आहे: बूच काढून पाणी सोडल्याशिवाय बोट रस्त्यावर न्यायची नाही, एका तळ्यातले उपद्रवी शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. काढलेलं बूच व्हॅनच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवा. खिशात टाकलंत तर सोमवारी ते धुण्यात निघतं.