पेत्रार्कला पहिला गिर्यारोहक ठरवण्यापूर्वी त्याचे पत्र वाचावे

इटालियन कवी पेत्रार्क २६ एप्रिल १३३६ रोजी दक्षिण फ्रान्समधील व्हाँतू हा सुमारे १,९१० मीटर उंचीचा पर्वत चढला, निव्वळ दृश्य पाहण्यासाठी डोंगर चढणारा तो जगातील पहिला माणूस आणि त्याच दिवशी गिर्यारोहणाचा जन्म झाला, असे विधान समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. त्याचे खंडन या चढाईचे वर्णन करणाऱ्या खुद्द पेत्रार्कच्या पत्रातच आहे.

डोंगराच्या कुशीत त्याला आणि त्याचा भाऊ घेरार्दो याला एक म्हातारा मेंढपाळ भेटला. पन्नास वर्षांपूर्वी तरुणपणाच्या जोशात आपणही शिखर गाठले होते, पण दगडांनी आणि काट्यांनी फाटलेले अंग व कपडे आणि पश्चात्ताप यांखेरीज हाती काही लागले नाही, असे सांगून त्याने दोघांना परोपरीने अडवले. ते ऐकत नाहीत असे पाहून अखेर वाटही दाखवली. पेत्रार्कने स्वतः नोंदवलेली ही चढाई, केवळ मेंढपाळाचे नाव माहीत नाही म्हणून जमेस न धरणे हा त्या मेंढपाळावर सरळसरळ अन्याय आहे.

दृश्याच्या ओढीतही पेत्रार्क पहिला नव्हे. मॅसिडोनचा राजा फिलिप बाल्कनमधील हीमस पर्वतावर चढल्याची रोमन इतिहासकार लिव्हीने लिहिलेली हकीकत वाचून आपला बेत पक्का झाला, असे तोच सांगतो. रोमन सम्राट हेड्रियन सूर्योदय पाहण्यासाठी एटनावर चढल्याची नोंदही त्याच्या प्राचीन चरित्रात आहे. उंची पाहण्याची इच्छा हेच आपले कारण, असे पेत्रार्क म्हणतो हे खरे. परंतु माथ्यावर त्याने संत ऑगस्टिनचे पुस्तक उघडले, माणसे पर्वतांचे नवल करतात आणि स्वतःला विसरतात हे वाक्य वाचले, आणि स्वतःवरच चिडून तो पायथ्यापर्यंत एक शब्दही न बोलता उतरला. या शेवटाचा उल्लेख त्या विधानात नसतो.

गिर्यारोहणाच्या जन्माविषयी थोडक्यात सांगायचे, तर या पत्रातून चढाईची कोणतीही परंपरा सुरू झाली नाही. आल्प्समधील सर्वोच्च शिखर माँ ब्लाँ सर झाले ते थेट १७८६ मध्ये.

राहता राहिली तारीख. त्याच संध्याकाळी, नोकर जेवण रांधत असताना घाईने लिहिल्याचे पत्रात म्हटले आहे. तरी ज्युझेप्पे बिलानोविचसारखे अभ्यासक त्याची रचना १३५३च्या सुमारास झाल्याचे मानतात, आणि मला ते पटते. पत्रात घेरार्दो सरळ चढणीने वर जातो, तर पेत्रार्क सोप्या वाटेच्या शोधात पुन्हा पुन्हा दरीत उतरतो. सरळ धर्ममार्गाचे हे रूपक घेरार्दो १३४३ मध्ये मठवासी झाल्यानंतरच पूर्ण अर्थाने लागू पडते, आणि ज्यांना उद्देशून पत्र लिहिले आहे ते धर्मगुरू दियोनिजी तर १३४२ मध्येच निवर्तले होते.