मिंट कंडिशन

टपाल तिकिटं जमवणं हा स्वस्त छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो सातवीतच सोडून दिलेला असतो. तोवर तो खरंच स्वस्त असतो. कुणाच्या तरी काकांच्या ऑफिसातली पाकिटं, वाटीभर पाणी आणि सुकवायला रद्दी, एवढ्यावर भागतं. माग्यार पोस्टा म्हणजे हंगेरी आणि हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, हे ज्ञान वर फुकट. आखातातल्या अजमान, फुजैराची घोड्यांची आणि अंतराळवीरांची झगझगीत तिकिटं असायची. कोपऱ्यात सुबक शिक्का आणि मागचा डिंक शाबूत! म्हणजे बेटी कधी पाकिटावर बसलेलीच नाहीत, ही शंका त्या वयात येत नाही.

खर्च सुरू होतो पहिल्या पगारापासून. मला नोकरी लागली 1982 साली, फोर्टात. एशियाडचं वर्ष, जिकडेतिकडे अप्पू हत्ती. आणि जीपीओ चालत पाच मिनिटांवर. तिच्या घुमटाखाली, म्हणजे विजापूरच्या गोलघुमटाच्या धाकट्या भावाखाली, तिकिटवेड्यांच्या काउंटरवर, माझ्या जेवणाच्या सुट्ट्या आणि बराचसा पगार गेला. नवं तिकीट निघालं की एक सुटं, एक ब्लॉक ऑफ फोर (चार जोडलेली), एक फर्स्ट डे कव्हर (पहिल्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट), माहितीपत्रक आणि ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून अख्खं शीट. शिवाय चिमटा, भिंग, तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या परदेशी हिंज, कडेचे दाते मोजायची पट्टी. तिकिटाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. घरच्यांनी त्या खोलीत शिंकायचं नाही, हा दुसरा.

त्या माहितीपत्रकावर छपाईचा आकडा असायचा. वीस लाख, तीस लाख. तो आम्ही सगळे वाचायचो आणि तरीही वीस वर्षांनी आपलंच शीट दुर्मीळ होणार, अशी प्रत्येकाची खात्री. बाकीची एकोणीस लाख नव्याण्णव हजार कुठे जाणार होती कोण जाणे.

खरी आग लावली ती गांधीजींनी. 15 ऑगस्ट 1948 ला निघालेला, स्वित्झर्लंडमध्ये छापलेला चार तिकिटांचा सेट. दीड आणे, साडेतीन आणे आणि बारा आणे ही तीन हळूहळू जमली. चौथं दहा रुपयांचं. ते नसलं की अल्बमच्या त्या पानावर चौकोनी खड्डा दिसतो, आणि रात्री झोपेतही दिसतो. शेवटी एका दुकानदाराकडून शिक्का मारलेलं घेतलं. घरी आईला सांगितलं, या महिन्यात पगार उशिरा होणार आहे. साधी राहणी शिकवणाऱ्या महात्म्यापायी मी आयुष्यात एवढी उधळपट्टी एकदाच केली.

मग लग्न, डोंबिवली, मुलं, हप्ते. ट्रंक माळ्यावर गेली ती थेट रिटायरमेंटनंतर, गेल्या पावसाळ्यात खाली आली.

आमच्याकडच्या पावसाळ्यात पापड टिकत नाहीत, तिथे डिंक काय टिकणार? शीटंच्या शीटं एकमेकांना चिकटून बसली होती. फर्स्ट डे कव्हरांवर तांबूस ठिपके. एका अल्बममध्ये कसरीने संसार थाटलेला. बरं, खाल्लं काय, तर नेमकं महाग तेच. तिला तिकिटांच्या किमतींचा कॅटलॉग वाचता येत असावा. (गांधीजी वाचले. ते बटर पेपरात, वेगळ्या पाकिटात, एलआयसीच्या पॉलिसीच्या खाली होते.)

चिकटलेली तिकिटं फ्रीजरमध्ये ठेवली की सुटतात, ही आमच्या लोकांतली जुनी युक्ती. गारठ्याने डिंक कडक होतो आणि पातळ सुरीने अलगद पापुद्रा निघतो. मी ‘इंडिया-80’ या तिकीट प्रदर्शनाच्या तिकिटांनी डबा भरून ठेवला.

“अहो, मटारच्या मागे हा डबा कसला?”

“इंडिया-80.”

“तो खायचाय कधी?”

थोडी सुटली. बाकीची बायकोने मटार काढायच्या घाईत ओट्यावर ठेवली आणि त्यांचा पुन्हा लगदा झाला.

जी वाचली ती घेऊन फोर्टात, गांधीजी विकणाऱ्या त्या दुकानात गेलो. काउंटरमागे आता मुलगा बसतो. वडिलांचा फोटो भिंतीवर. त्याने शीटं पत्ते पिसल्यासारखी चाळली. चिमटा नाही, काही नाही, उघड्या हाताने! माझ्या छातीत कळ आली.

“काका, यांना पोस्टेजचा भाव. छापील किमतीच्याही थोडं खाली देईन.”

“पण मिंट कंडिशन आहे! अगदी कोरी!”

“म्हणूनच म्हणतो. पाकिटाला लावता येतील.”

चाळीस वर्षं सांभाळलेल्या पन्नास पैशांच्या तिकिटाचे आज पन्नास पैसेही नाहीत. घरी हे सांगायला नको होतं. 1985 ला सोनं तोळ्याला दोन हजारांच्या आसपास होतं, हे बायकोला तोंडपाठ आहे. तिला आमच्या लग्नाची तारीखही इतक्या पटकन आठवत नाही. ती रागावली नाही, फक्त कॅल्क्युलेटर मागितला.

मग मी हट्टालाच पेटलो. खाली विकणार नाही, पुऱ्या किमतीला वापरीन! साध्या पत्राला पाच रुपये लागतात, म्हणजे पन्नास पैशांची दहा. ऐंशीच्या दशकातली तिकिटं ऐसपैस, आणि हल्लीची पाकिटं तळहाताएवढी. चार पुढे लावली तर पत्त्याला जेमतेम दोन बोटं जागा उरली. सहा मागे, फ्लॅपवर, एकाला एक खेटून. पोस्टातल्या मुलीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, मनातल्या मनात बेरीज केली, आणि दहाही तिकिटांवर ठणठण शिक्के मारले. शेवटच्या ठोक्याला म्हणाली, “काका, पाच रुपयांचं एकच मिळतं.”

हे सगळं ठीक, पण पत्र लिहायचं कुणाला? ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी सकाळीच व्हॉट्सॲपवर बोलून झालेलं असतं. शेवटी नागपूरच्या मावसबहिणीला पाठवलं. तिचा फोन आला.

“दादा, हे फोडायचं कुठून? सगळीकडून तिकिटांनीच बंद केलंयस.”

“फोडलंस का?”

“हो, कात्रीने. मधोमध कापलं. आत एकच ओळ आहे रे, तिकिटं वाफेवर सांभाळून काढ आणि मला परत पाठव.”